कशाचं आणि कसं?

(सामुदायिक रेडिओवरील बोलणं, लिहून काढलेलं)

भोर आणि वेल्हे भागातल्या वाड्यावस्त्यांवर, गटाच्या बैठकीत बसून, नाहीतर भाकऱ्या थापता थापता आमचं बोलणं ऐकणाऱ्या तुम्हां सगळ्याजणींचं स्वागत. आज कागद-पेन्सिल जवळ घ्या. घरात इंग्रजी छापलेली एखादी पिशवी, बाटली, खोकं असेल तर तेही समोर ठेवा. आज त्या छापील इंग्रजीबद्दल बोलायचं आहे. घाबरू नका, व्याकरणाचं पुस्तक उघडणार नाही. सुरुवात आमच्याच फजितीपासून करतो.

आमचा गट लाकडी घाण्यावर तेल काढतो. खुरासणीचं आणि भुईमुगाचं. दिवाळीच्या आधी पुण्याच्या एका प्रदर्शनात आम्हाला स्टॉल मिळाला. शहरातली गिऱ्हाइकं येणार म्हणून ठरवलं, की लेबलवर एका बाजूला मराठी आणि एका बाजूला इंग्रजी छापायचं. मराठी बाजू सोपी होती: ‘लाकडी घाण्याचं तेल’. इंग्रजी बाजूला आम्ही अडलो. घाण्याला इंग्रजीत काय म्हणतात ते कुणालाच सांगता येईना. लेबलवर जागाही थोडी. मग घाणा गाळला, लाकडी म्हणजे ‘वुडन’, तेल म्हणजे ‘ऑइल’, आणि दिलं छापायला: ‘वुडन ऑइल’. छापखान्यानं नमुना दाखवला, त्यावर आम्हीच सही केली.

आमच्यातली एक ताई तेव्हा म्हणाली होती, “अगं, लाकडी तेल? तेल कसं लाकडी असंल?” ताईंची शाळा चौथीत सुटली. आम्ही त्यांना म्हटलं, “ताई, इंग्रजीत तसंच असतं.” त्या गप्प बसल्या.

प्रदर्शनात पहिल्याच दिवशी एका बाईंनी बाटली उचलली, इंग्रजी बाजू वाचली आणि विचारलं, “हे खायचं, की फर्निचरला लावायचं?” आम्ही हसून वेळ मारून नेली. पण संध्याकाळपर्यंत तोच प्रश्न तीन-चार वेळा आला. विचारणाऱ्यांना निदान उत्तर तरी देता आलं. वाचून न विचारताच पुढे गेलेल्या किती असतील, ते कुणी मोजलं? घरी येताना भरलेली खोकी परत आणली. अडीचशे लेबलं वाया गेली होती. बैठकीत खजिनदार ताईंनी विचारलं, “आता हा खर्च कुठल्या खात्यात टाकू?”

एकीच्या मुलीनं सुचवलं, “‘वुडन’ चुकलं असेल तर ‘वुड ऑइल’ करा.” नशीब, या वेळी छापण्याआधी शाळेतल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “‘वुड ऑइल’ म्हणजे तर सरळ लाकडाला चोळायचं तेल!” एका शब्दानं तेल लाकडाचं झालं, दुसऱ्यानं लाकडासाठीचं. आमचं तेल दोन्ही नव्हतं. तेव्हा आम्ही बाईंना घेऊन बसलो आणि हा गुंता सोडवला. तोच आज तुमच्यापुढे ठेवतो.

दोन प्रश्न

इंग्रजीत एखाद्या वस्तूच्या नावाआधी दोन प्रकारचे शब्द येतात. कधी दुसऱ्या वस्तूचं नावच जसंच्या तसं पुढे लावतात. ‘गोल्ड’ म्हणजे सोनं, ‘हेल्थ’ म्हणजे आरोग्य, ‘रेन’ म्हणजे पाऊस. ही नामं. कधी त्याच नामाला शेपूट जोडून विशेषण करतात आणि ते लावतात. ‘गोल्डन’, ‘हेल्दी’, ‘रेनी’. दोन्ही शब्द एकाच घरातले, सख्ख्या बहिणी म्हणा. पण एकीचं काम दुसरीला सांगितलं की घोटाळा होतो.

कुठे कोणती लावायची? त्यासाठी मराठीतले दोन प्रश्न पुरतात. ‘कशाचं?’ आणि ‘कसं?’

वस्तू कशाची, कशासाठीची, कशाबद्दलची, हे सांगायचं असेल तर इंग्रजीत बहुतेक वेळा नाम लावायचं. वस्तू कशी आहे, म्हणजे तिचा रंग, गुण, अवस्था सांगायची असेल तर विशेषण लावायचं.

सोन्यापासून सुरू करू. सोन्याची बांगडी आणि सोनेरी बांगडी, यातला फरक आपल्याला कुणी शिकवावा लागत नाही. कशाची बांगडी? सोन्याची. इंग्रजीत ‘गोल्ड बँगल’. कशी बांगडी? सोनेरी, मग ती पितळेची का असेना. ‘गोल्डन बँगल’. दागिने विकणाऱ्या गटानं खोट्या बांगड्यांवर ‘गोल्ड’ छापलं तर गिऱ्हाइकाला फसवल्यासारखं होईल, आणि खऱ्या सोन्यावर ‘गोल्डन’ छापलं तर आपलाच माल आपण खोटा ठरवू. बँकेत दागिने ठेवून मिळतं ते सोनेतारण कर्ज, ‘गोल्ड लोन’. कर्ज सोनेरी नसतं. ते फेडताना तर मुळीच वाटत नाही.

चांदीचंही तसंच. चांदीचे पैंजण ते ‘सिल्व्हर’, चंदेरी काठ तो ‘सिल्व्हरी’. रेशमाची साडी ‘सिल्क साडी’, आणि जाहिरातीतल्या बाईचे केस ‘सिल्की’.

आता आरोग्याकडे या. प्राथमिक आरोग्य केंद्राच्या पाटीवर ‘हेल्थ सेंटर’ लिहितात. केंद्र कशासाठीचं? आरोग्यासाठीचं. तिथे ‘हेल्दी सेंटर’ लिहिलं तर अर्थ होईल निरोगी केंद्र, म्हणजे जणू भिंतींना कधी सर्दी-ताप येत नाही. पण अंगणवाडीत वजन करून ताई म्हणतात, बाळ ‘हेल्दी’ आहे. बाळ कसं आहे? सुदृढ आहे. तिथे विशेषणच हवं.

आपल्याकडे पावसाची काय कमी? ‘रेनकोट’ कशासाठीचा? पावसासाठीचा. ‘रेन वॉटर’ कशाचं पाणी? पावसाचं. पण दिवस कसा? पावसाळी. ‘रेनी डे’. नकळत हे तुम्ही रोज बरोबर बोलता. ‘रेनीकोट’ आपल्यात कुणी म्हणत नाही.

‘ब्यूटी पार्लर’ घ्या. पार्लरची खोली पत्र्याची असली तरी ते ‘ब्यूटी पार्लर’च, कारण तिथे सौंदर्याचं काम चालतं. खोलीच सुंदर सजवली असेल तर ‘ब्यूटिफुल पार्लर’ म्हणता येईल. ‘सेफ्टी पिन’ला ‘सेफ पिन’ म्हणत नाहीत, तेही याच कारणानं.

मराठी रूपावर जाऊ नका, प्रश्नावर जा

इथे एक खड्डा आहे. मराठीत शब्दाचं रूप काय आहे, त्यावरून इंग्रजी ठरवायला गेलं की चुकतं.

आपण म्हणतो दगडी भिंत, लोखंडी तवा, सुती साडी. ही मराठीत विशेषणं. पण प्रश्न विचारा. भिंत कशाची? दगडाची. तवा कशाचा? लोखंडाचा. उत्तर ‘कशाची’ला आलं, म्हणून इंग्रजीत नाम: ‘स्टोन वॉल’, ‘आयर्न तवा’, ‘कॉटन साडी’. ‘स्टोनी’ हा शब्द राहिला आपल्या डोंगरउतारावरच्या दगडाळ जमिनीसाठी. जमीन कशी? ‘स्टोनी’.

उलटंही होतं. आपण म्हणतो धुळीचा रस्ता. ‘चा’ लागला म्हणून नाम लावाल तर फसाल. रस्ता धुळीनं बांधलेला नाही. रस्ता कसा आहे, ते आपण सांगतोय. म्हणून ‘डस्टी रोड’. आणि केर टाकायचा डबा कशासाठीचा? म्हणून ‘डस्टबिन’.

मग तुम्ही विचाराल, लाकडी खुर्ची कशाची, तर लाकडाची. तरी इंग्रजीत ‘वुडन चेअर’ का? प्रश्न रास्त आहे. फार पूर्वी इंग्रजीत बऱ्याच पदार्थांच्या नावांना असं शेपूट लावून ‘त्या पदार्थाचं बनवलेलं’ हा अर्थ काढत. पुढे बहुतेक ठिकाणी ते शेपूट गळालं. ‘वुडन’ आणि लोकरीचं ते ‘वुलन’, असे थोडे शब्द मात्र टिकून राहिले. ‘गोल्डन’ही टिकला, पण त्याचा अर्थ हळूहळू रंगाकडे सरकला. म्हणून लाकडी चमचा ‘वुडन स्पून’ आणि लोकरीचा स्वेटर ‘वुलन स्वेटर’, हे नेहमी लागणारे दोन अपवाद पाठ करून ठेवा.

आता आमच्या चुकीचं मूळ तुमच्या ध्यानात आलं असेल. ‘वुडन’ म्हणजे लाकडाचं बनवलेलं. घाणा लाकडाचा होता. तेल खुरासणीचं होतं. आम्ही घाण्याचं विशेषण तेलाला चिकटवलं. चौथीत शाळा सुटलेल्या ताईंना जे दिसलं, ते बाकीच्या शिकलेल्यांना दिसलं नव्हतं. ताईंनी मराठीत प्रश्न विचारला होता, आम्ही इंग्रजीच्या दडपणाखाली विचारलाच नाही.

नाम पुढे लावताना नातं तपासा

‘कोकोनट ऑइल’ नारळापासून काढतात. ‘हेअर ऑइल’ केसांपासून काढत नाहीत, ते केसांना लावतात. ‘बेबी ऑइल’ बाळापासून काढत नाहीत, हे सांगायला नकोच! तिन्ही ठिकाणी रचना एकच: पुढे एक नाम, मागे ‘ऑइल’. पण नातं वेगळं. कुठे ‘पासून’, कुठे ‘साठी’. हे नातं इंग्रजी शब्द उघड सांगत नाहीत. वाचणारी आपल्या अनुभवानं ओळखते.

आपल्या आंबेमोहोर तांदळाचंच पाहा. त्यात आंब्याचा मोहोर नसतो, मोहोरासारखा वास असतो. आपल्याला ठाऊक आहे म्हणून नावानं गोंधळ होत नाही. पण बाहेरच्या माणसासाठी पाकिटावर कधी एखादा जोडशब्द जास्तीचा लागतो. आमचं लेबल शेवटी तसंच सुधारलं: ‘वुड-प्रेस्ड नायजर सीड ऑइल’. ‘नायजर’ म्हणजे खुरासणी, कारळे. ‘सीड’ म्हणजे बी. तेल कशाचं? खुरासणीच्या बियांचं. कसं काढलेलं? लाकडी घाण्यात दाबून. दोन्ही प्रश्नांना आपापलं उत्तर मिळालं.

यातच आणखी एक खूण सापडते. इंग्रजीत असे शब्द ओळीनं आले की खरी वस्तू म्हणजे शेवटचा शब्द. ‘राइस पापड’ म्हणजे तांदळाचा पापड. शब्द उलटे केले तर ‘पापड राइस’, म्हणजे पापडासाठीचा तांदूळ. आणि पुढे लावलेलं नाम सहसा एकवचनात ठेवतात. लोणचं दहा आंब्यांचं असलं तरी ‘मँगो पिकल’, ‘मँगोज पिकल’ नाही. तांदळाची पिशवी पाच किलोची असली तरी ‘फाइव्ह किलो बॅग’.

जिथे चूक महागात पडते

लेबलवर ‘हेल्थ’ लिहायचं की ‘हेल्दी’, याचा विचार नाचणी सत्त्व विकणाऱ्या मैत्रिणींनी जरूर करावा. ‘हेल्थ मिक्स’ हे मालाच्या प्रकाराचं नाव झालं. ‘हेल्दी’ म्हटलं की आपण मालाचा गुण सांगतो, आणि सांगितलेला गुण मालात असावा लागतो. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ प्रमाणे लेबलवरची दिशाभूल हा गुन्हा आहे, आणि चुकीच्या लेबलच्या मालासाठी ३ लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. अर्थात ‘हेल्थ’ लिहिलं म्हणजे सुटलो असंही नाही. पाकिटात जे आहे तेच पाकिटावर यावं, आणि त्यासाठी कोणता शब्द काय सांगतो ते आपल्याला कळायला हवं.

दुसरी जागा म्हणजे विम्याचा कागद. आपल्यापैकी अनेकींच्या खात्यातून प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेचे वर्षाला २० रुपये जातात. हा अपघाताचा विमा आहे. विमा कशासाठीचा? अपघातासाठीचा, म्हणून ‘ॲक्सिडेंट इन्शुरन्स’. त्याच कागदावर पुढे ‘ॲक्सिडेंटल डेथ’ असं येतं. मृत्यू कसा? अपघाती. तसा मृत्यू झाला तर वारसाला २ लाख रुपये मिळतात. आजारपणानं मृत्यू झाला तर या योजनेत पैसे मिळत नाहीत. तो सगळा फरक ‘ॲक्सिडेंटल’ या एका विशेषणात बसला आहे. गावात कुणाच्या घरी दुःखद घटना घडली आणि कागद तुमच्या हातात आला, तर ‘डेथ’ या शब्दावर थांबू नका. त्याच्या आधीचा शब्द वाचा.

बोलताना बरेच जण ‘ॲक्सिडेंटल इन्शुरन्स’ म्हणतात, आणि मराठीतही ‘अपघाती विमा’ सर्रास चालतं. समजून घेणारे समजून घेतात. पण शब्दशः पाहिलं तर तो चुकून उतरवला गेलेला विमा होतो! घाटातल्या रस्त्यांवर कधी ‘ॲक्सिडेंटल झोन’ लिहिलेलं दिसतं, तेही असंच. जागा अपघाताची आहे, ती अपघातानं तयार झालेली नाही. तिथे ‘ॲक्सिडेंट झोन’ हवं.

वीजबिलाचंही सांगून टाकतो, कारण त्यात तीन बहिणी आहेत. बिल कशाचं? विजेचं. ‘इलेक्ट्रिसिटी बिल’. शेगडी कशी? विजेवर चालणारी. ‘इलेक्ट्रिक शेगडी’. आणि विजेच्या कामाशी, सामानाशी संबंध असलेला कोर्स किंवा दुकान असेल तर ‘इलेक्ट्रिकल’. आयटीआयचा अर्ज भरणाऱ्या लेकीला हा तिसरा शब्द भेटेल.

गडाच्या पायथ्याच्या मैत्रिणींसाठी

राजगड, तोरणा, रोहिडा पाहायला लोक येतात, आणि पायथ्याच्या गावांत अनेकजणी जेवण देतात, राहायची सोय करतात. पाटीवर किल्ल्याचं नाव टाकताना ‘हिस्टरी फोर्ट’ लिहू नका. किल्ला कसा? ऐतिहासिक. शिवरायांची पहिली राजधानी जिथे होती, त्या गडाला ‘हिस्टॉरिक फोर्ट’ म्हणा. ‘हिस्टॉरिकल’ हा शब्द इतिहासाशी संबंधित कशालाही लागतो, जसं ऐतिहासिक कादंबरीला. आणि शाळेत इतिहास शिकवणारे गुरुजी ‘हिस्टरी टीचर’. त्यांना ‘हिस्टॉरिक’ केलंत तर ते शिवकाळापासून शिकवतायत असं वाटेल.

घरगुती जेवणाच्या पाटीवर आपल्याकडे ‘होमली फूड’ लिहायची पद्धत आहे. इथल्या लोकांना ते कळतं. पण अमेरिकेतून आलेल्या पाहुण्याच्या कानाला ‘होमली’ म्हणजे दिसायला सामान्य, रूप नसलेलं. पिठलं-भाकरीला असं का म्हणून घ्यायचं? ‘होम-कुक्ड फूड’ लिहा, घरी शिजवलेलं.

छापायला देण्याआधी

आमच्या गटानं आता एक रीत ठरवली आहे. इंग्रजी लेबल आधी मराठीत मोठ्यानं वाचायचं, आणि वाचून झालं की प्रत्येकीनं विचारायचं: कशाचं? कसं? उत्तर हास्यास्पद आलं, तर शब्द चुकला. मग त्याच प्रकारचा माल विकणाऱ्यांची दोन-तीन पाकिटं पाहायची, जाणत्या माणसाला विचारायचं. तरी शंका राहिली तर शब्द आखडायचे नाहीत, सरळ लांब लिहायचं. ‘ऑइल फॉर हेअर’ म्हणजे केसांसाठी तेल, ‘फ्लाउअर मेड फ्रॉम राइस’ म्हणजे तांदळापासून केलेलं पीठ. थोडी जागा जास्त जाते, पण घोटाळा होत नाही. आणि नमुन्यावर सही करण्याआधी तो सगळ्यांच्या हातून फिरला पाहिजे, इंग्रजी न वाचता येणाऱ्यांच्यासुद्धा. त्यांना अर्थ मराठीत सांगायचा, आणि त्या काय म्हणतात ते ऐकायचं.

अडीचशे लेबलांचा खर्च शेवटी आम्ही ‘शिक्षण’ खात्यात टाकला. नवीन लेबलचा नमुना आला तेव्हा खजिनदार ताईंनी तो पहिला त्याच ताईंपुढे धरला. त्यांनी अर्थ ऐकला, दोनदा म्हणवून घेतला आणि म्हणाल्या, “हां, आता तेल झालं.”

आता तुमची पाळी. पुढच्या बैठकीत हे सहा सोडवा: १. मसाल्याचा डबा: ‘स्पाइस’ की ‘स्पाइसी’? २. झणझणीत रस्सा: ‘स्पाइस’ की ‘स्पाइसी’? ३. औषधी वनस्पती, जसा आपला हिरडा: ‘मेडिसिन’ की ‘मेडिसिनल’? ४. दुधाची बाटली: ‘मिल्क’ की ‘मिल्की’? ५. लाकडी पोळपाट: ‘वुड’ की ‘वुडन’? ६. सोन्याचं मंगळसूत्र: ‘गोल्ड’ की ‘गोल्डन’?

उत्तरं: १. ‘स्पाइस’ २. ‘स्पाइसी’ ३. ‘मेडिसिनल’, कारण वनस्पती कशी, तर औषधी गुणाची ४. ‘मिल्क’ ५. ‘वुडन’, अपवाद आठवला ना? ६. ‘गोल्ड’.

तुमच्या घरातल्या पाकिटांवर, गावातल्या पाट्यांवर गमतीचं काही सापडलं तर वहीत टिपून ठेवा आणि बैठकीला घेऊन या.